घरी ने

सुरुवातीलाच सांगून टाकते, भूतखेत, अंगात येणं, दृष्ट, कौल — यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. गेजमध्ये बसलं नाही की रिजेक्ट, असा माझा स्वभाव. घरचे म्हणतात की घरातही तोच. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि दर वेळी मनात म्हणते, बाई गं, तुला डुलकी लागली होती. आता हसायची पाळी तुमची आहे... हसा. पण आधी शेवटपर्यंत वाचा, कारण मी स्वतः हे प्रकरण कुठल्या खान्यात टाकावं ते मला अजून कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. तेव्हा ज्याला त्याला परदेशी कोलॅबोरेशन हवं होतं. आमच्या कारखान्यानेही एका जपानी कंपनीशी करार केला आणि सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी दोघांची नावं निघाली. प्रॉडक्शनमधून परेशभाई आणि क्वालिटीमधून मी. परेशभाईंनी ऑर्डर हातात पडताच थेपले किती दिवस टिकतात याची चौकशी सुरू केली. मी मात्र चार दिवस घरी बोललेच नाही. कारण नाना.

नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना कारेलीबागेत आमच्याकडे घेऊन आले. मुलीकडे राहायचं म्हणून आधी महिनाभर कुरकुरले, मग राहिले. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात साखळी धरून अख्खं बडोदं मोजलेला हा माणूस. कोणी पत्ता विचारला तर दरवाज्यांच्या हिशोबाने सांगणार — लहेरीपुरा दरवाज्यातून आत, मांडवीला डावीकडे, पाणी दरवाज्याच्या अलीकडे. आणि एक विचित्र सवय. कुठलाही कोपरा वळताना भिंतीला तळवा टेकवायचा. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "खूण करून ठेवतो गं. परत येताना लागते."

तर हा माणूस विसरायला लागला. आधी चष्मा, मग आठवड्याचे वार, मग माणसं. संध्याकाळ झाली की चप्पल घालून दाराशी उभे राहायचे. "शुभा, मला घरी ने." घर म्हणजे रावपुरा. रमणभाईंच्या छत्र्यांच्या दुकानावर भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं सगळं आयुष्य गेलं होतं. मी दमून आलेली असायचे, म्हणायचे, "नाना, हेच घर आहे. चपला काढा." डॉक्टरही म्हणाले होते की जुन्या जागी नेऊन गोंधळ वाढवू नका. मला ते सोयीचंच पडलं. खरं सांगायचं तर रावपुरा स्कूटरवर दहा मिनिटं. मी एकदाही नेलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, मला घरी न्या हो."

हे मराठी माणसालाच कळेल. 'ने'चं 'न्या' झालं होतं. मी 'तुम्ही' झाले होते. मी कुकर गॅसवर ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यानंतर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. अगदी सभ्यपणे, परक्या बाईशी बोलावं तसं बोलत. निघायच्या दिवशी मी पाया पडले तर म्हणाले, "सुखाचा प्रवास करा, बाई." नातेवाईक काय बोलले ते लिहीत नाही. मला एकच भीती होती, सहा आठवड्यांत उरलंसुरलं पुसलं जाईल. तरीही गेले. आमच्या ह्यांनीच ढकललं, म्हणाले, "तू इथे बसून त्यांना आठवणार आहेस का?"

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, पुढे लागेल. आम्ही बडोद्याची मराठी माणसं बोलताना गुजरातीतला 'ने' सर्रास लावतो. येशील ने, खाल्लंस ने, बरं आहे ने. नानांना त्याचा भयंकर तिटकारा. "मराठीत 'ना' म्हणतात. 'ने' म्हणायचं असेल तर गुजरातीत बोल." लहानपणी त्यावरून मी टपल्या खाल्ल्या आहेत. त्यामुळे बाहेर मी कितीही 'ने ने' करत असले तरी त्यांच्यासमोर जीभ आपोआप 'ना'वर यायची. ते मला विसरल्यावरसुद्धा.

टोकियोत गंमत अशी झाली की आमचे ट्रेनर प्रत्येक वाक्याला 'ने' लावायचे. "दिस साइड अप, ने? व्हेरी स्मॉल, ने?" पहिल्याच दिवशी परेशभाई माझ्या कानात म्हणाले, "शुभाबेन, आ तो आपणो ज माणस छे." जपानी भाषेत 'ने'चा अर्थ अगदी आपल्या 'ने'सारखाच. आम्हाला एवढं हसू आलं की ट्रेनरना वाटलं त्यांचं काही चुकलं.

चौथ्या आठवड्यातला रविवार. आम्ही असाकुसा नावाचा भाग बघायला गेलो. जमिनीखालच्या रेल्वेतून वर आलं की एका बाजूला नदी, आणि नदीपलीकडे एका बिअर कंपनीची काळी चकचकीत इमारत. तिच्यावर सोनेरी रंगाचं काहीतरी अवाढव्य आडवं ठेवलेलं. कंपनी म्हणते ज्योत, परेशभाई म्हणाले मुळा. आणि पाठ फिरवली की भलामोठा लाल दरवाजा. मधोमध लाल कंदील टांगलेला, आपल्या कारेलीबागेतल्या बेडरूमएवढा तरी सहज असेल. दरवाज्यातून आत देवळापर्यंत सरळ गल्ली, दोन्हीकडे छोटी छोटी दुकानं — पंखे, मिठाया, निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या जाड पापड्या. त्या पापड्यांना काळं खारट काहीतरी फासतात, त्याचा वास सगळीकडे. माणसं ओढतात अशा रिक्षा, त्यांच्या शेजारी मोबाइल फोनवर बोलणाऱ्या मुली. देवळाच्या बाजूला एक जुनं, दाटीवाटीचं मनोरंजन पार्क. त्यातली रोलर कोस्टर जवळपास लोकांच्या छपरांवरून जाते आणि पोरं किंचाळतात. पुन्हा देवळाची घंटा. मला ते सगळं एकदम आवडलं. आपल्या शहरासारखं वाटलं... नवं-जुनं सगळं एकमेकांच्या मांडीवर बसलेलं.

परेशभाई कॅमेऱ्याचा रोल आणायला गेले. तीन वाजता देवळासमोर भेटायचं ठरलं.

देवळासमोर एक मोठं धुपाटणं आहे. भरपूर उदबत्त्या जळतात आणि लोक तो धूर हातांनी अंगावर ओढून घेतात. जिथे दुखतं तिथे लावायचा, अशी पद्धत. मी मानत नाही. तरी मी गेले आणि धूर ओंजळीने डोक्यावर घेतला. माझं डोकं दुखत नव्हतं. नानांचं डोकं मनात होतं. हे मी ह्यांनाही फार उशिरा सांगितलं.

शेजारी कोणीतरी वाकलं. एक म्हातारे गृहस्थ. करडी टोपी, तपकिरी स्वेटर, पायांत घरातल्या सपाता. त्यांनी टोपी काढून डोकं माझ्यापुढे केलं, अगदी न्हाव्यापुढे करावं तसं. मी गडबडले. मग त्यांच्याही डोक्याला धूर लावला. दुसरं काय करणार? त्यांनी टोपी घातली, माझ्या हाताचं कोपर धरलं आणि म्हणाले —

"घरी ने."

मी स्पष्ट ऐकलं. घरी ने.

मी घड्याळ बघितलं. काही कळेनासं झालं की मी घड्याळ बघते, सवय आहे. तीनला दहा कमी.

म्हाताऱ्यांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी कळलं की ते जपानीच आहे. 'काएरो ने' असं काहीतरी. पण तोपर्यंत माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "हो. घरी जायचं ने? चला." मराठीत. कारण त्यांना माझी इंग्रजी कळली नसती आणि मला त्यांची जपानी, मग मराठीने काय घोडं मारलं होतं.

कोण कोणाला नेत होतं, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही. ते चालत होते, मी आता त्यांचं कोपर धरून बरोबर. आधी पार्कच्या बाजूने गेलो. डोक्यावरून ती गाडी धडधडत गेली, पोरं किंचाळली, म्हातारे दचकले. मी म्हटलं, "पोरं आहेत ने, खेळतात." मग एक छप्पर घातलेला बाजार, मग अरुंद गल्ल्या. प्रत्येक कोपऱ्यावर ते थांबले आणि भिंतीला तळवा टेकवला.

म्हातारी माणसं आधार घेतातच. मला माहीत आहे. पण तिसऱ्या कोपऱ्यावर मी बडबडायला लागले. काय बोलले ते नीट आठवत नाही. हळू चला ने, दमलात ने, आता आलंच ने. एका वळणावर तर माझी खात्री पटली होती की आता रावपुऱ्याच्या अलीकडचा कोठीचा चौक येणार. काय होतं ते सांगता येत नाही. तहान लागली असेल, ऊन लागलं असेल.

फिरून फिरून आम्ही पुन्हा त्या दुकानांच्या गल्लीत आलो, पापड्यांच्या वासातून चालत मोठ्या लाल दरवाज्याखालून बाहेर पडलो. समोर पोलिसांची छोटी चौकी होती. तिथे गेलो तेव्हा घड्याळात तीन चाळीस. पोलीस त्यांना ओळखत होता. त्याने फोन केला आणि थोड्याच वेळात माझ्याच वयाची एक बाई ॲप्रनसकट धावत आली. ती माझ्यापुढे किती वेळा वाकली, मला लाज वाटायला लागली. पोलिसाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, बाबा रोज म्हणतात घरी जाऊ. पण ते घरीच असतात."

मी चौकीतल्या खुर्चीत बसून घेतलं. म्हातारे जाताना माझ्याकडे बघून हसले. ओळखीचं हसू नव्हतं, सभ्य हसू होतं.

परेशभाई देवळासमोर वैतागून उभे होते. "शुभाबेन, एक कलाक थयो!" तास झाला होता, खरंच. मी म्हटलं, रस्ता चुकले.

संध्याकाळी आठला होस्टेलवरून घरी फोन लावला. बडोद्यात साडेचार. दर रविवारचा नेम होता.

ह्यांचा आवाज ऐकूनच कळलं. म्हणाले, "आधी हे सांगतो की नाना ठीक आहेत. चहा पिताहेत."

"काय झालं?"

"मी लेकीला ट्यूशनला सोडायला गेलो होतो. बाहेरून कडी लावली होती, शपथ. परत आलो तर दार उघडं." ह्यांच्या शपथा मला माहीत आहेत, त्यामुळे कडीचं मी सोडून देते. "सगळी सोसायटी शोधली. मग सव्वाबाराला रमणभाईंचा फोन आला. नाना रावपुऱ्यात होते."

कारेलीबागेतून रावपुरा. मधे नागरवाडा, कोठी. संडासाचं दार न सापडणारा माणूस.

"कोणी आणलं?" मी विचारलं.

"तुला हसू येईल. म्हणतात, शुभानं आणलं."

मला हसू आलं नाही. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, ते नक्की काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगा. तुमचं काही घालू नका." आणि तोपर्यंत मी माझं काहीही सांगितलेलं नव्हतं, हे कृपया लक्षात घ्या. असाकुसाला गेले होते हेसुद्धा नाही.

रमणभाई रविवारी बाराला दुकान बंद करतात. त्या दिवशी गिऱ्हाइकामुळे दहा मिनिटं उशीर झाला. शटर ओढताना बघतात तो नाना कोठीच्या बाजूने चालत येताहेत. एकटेच. उजवा हात कोपरात वाकवलेला आणि तोंडाने कोणाशी तरी बोलणं चाललेलं. रमणभाईंनी विचारलं, "नाना, एकला आव्या?" नाना म्हणाले, "एकटा कसा? शुभा आहे ना बरोबर." मग वळून बघितलं आणि म्हणाले, "आत्ता होती."

"आणखी?"

"आणखी काय, असंच. डोक्याला धूर लावला म्हणतात तू. मग लाल दरवाज्यातून आलो म्हणाले. मी म्हटलं, लहेरीपुरा दरवाजा का? तर चिडले. म्हणाले, बडोद्यात असा दरवाजा नाही हे मला कळतं, मी मोजलंय सगळं. पण होता. मोठा कंदील होता. तांदळाचं काहीतरी खारट भाजत होते. आणि छपरावर पोरं ओरडत होती."

मी होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये फोन धरून उभी होते. परेशभाई समोरून जेवायला चला म्हणून खुणावत होते.

"आणि हो," हे म्हणाले, "तुझ्यावर रागावलेत. म्हणतात, पोरगी सारखी ने ने करत होती. गुजराती झालीय."

मी फोन ठेवला.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी पुढे जे केलं ते सांगते. कागद घेतला आणि एकेक गोष्ट तपासली. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथले दोन पन्नास म्हणजे बडोद्यातले अकरा वीस, तीन चाळीस म्हणजे बारा दहा. हे बसतं. पण योगायोगही बसतो. लाल दरवाजा आणि कंदील? कंपनीने आम्हाला टोकियोची एक रंगीत पुस्तिका दिली होती, तिची एक प्रत घरी राहिली होती, त्यात तो फोटो असणारच. नानांनी चाळली असेल. खारट वास? वाटेत कोणी पापड भाजत असेल. पोरं कुठेही ओरडतात. धूर? बडोद्यात दर दहा पावलांवर देऊळ आहे. रस्ता? पायांना आठवतो म्हणतात, डोक्याला नाही आठवला तरी. आणि 'घरी ने'? ते मी चुकीचं ऐकलं. ट्रेनरना दुसऱ्या दिवशी विचारलं, ते म्हणाले 'काएरो ने' म्हणजे 'घरी जाऊ या, हं?' झालं की मग. एकेक तुकडा घेतला तर सगळे पास होतात.

पण तो शेवटचा 'ने' कुठल्याच गेजमध्ये बसत नाही. नानांसमोर मोठेपणी मी कधीच तसं बोलले नव्हते. लहानपणीच्या टपल्या आठवल्या असतील, असं हे म्हणतात. असेल. दोन वर्षांत मला न ओळखणाऱ्या माणसाला नेमकी त्याच तासाला ती टपली आठवली. असेल बाई.

दोन आठवड्यांनी परत आले. नाना दारातच उभे होते, चप्पल घालून. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "या, बसा. कोण आपण?"

मी सामानसुद्धा उघडलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्यांना रावपुऱ्याला घेऊन गेले. जे दोन वर्षांत केलं नव्हतं ते. नाक्यावर उतरलो. कोपऱ्यावर नानांनी भिंतीला तळवा टेकवला. रमणभाईंनी बाकावर जागा केली, चहा मागवला. नाना वरच्या खिडक्यांकडे बघत शांत बसले होते. मग माझ्याकडे वळून मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बाई, मला इथे माझ्या मुलीनं आणलं होतं."

मी विचारलं, "कधी?"

"मागे. मी म्हटलं, घरी ने. तिनं लगेच नेलं. एकदाही नाही म्हणाली नाही."

रमणभाईंना मराठी चांगलं कळतं. ते उठून उगीचच छत्र्या झटकायला लागले.

चहा संपल्यावर नाना म्हणाले, "चला. आता मला घरी न्या हो." मी त्यांना कारेलीबागेत घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी दारात चप्पल काढली आणि आत गेले.

त्यानंतर ते वर्षभर होते. दर रविवारी मी त्यांना रावपुऱ्याला नेत असे. प्रत्येक वेळी "बाई", प्रत्येक वेळी "न्या हो", आणि रमणभाईंना प्रत्येक वेळी मुलीची तीच गोष्ट. मी शेजारी बसून ऐकायचे. मी आहे म्हणून सांगून बघितलं दोनदा. त्यांनी सभ्यपणे मान हलवली. मग सांगणं सोडून दिलं.

तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. भास झाला असेल असं लिहू नका, तो मुद्दा मीच आधी तपासला आहे आणि तो तेवढाच बसतो, जेवढे बाकीचे. मला एवढंच माहीत आहे की नाना मला विसरल्यानंतर 'घरी ने' हे मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि त्या वेळी मी नाही म्हटलं नाही. ते कोणी म्हटलं होतं, हे काही मला ठरवता येत नाही.